शिडाला बस्त्याची गाठ

माझ्याकडे यॉट आहे. हे वाक्य हिंगणघाटच्या बाजारात उभं राहून मोठ्यानं म्हणून पाहा. ऐकणारा आधी तुमच्याकडे पाहतो, मग तुमच्या बायकोकडे पाहतो आणि तिला विचारतो, "वहिनी, साहेबायची तब्येत बरी आहे ना?" समुद्र गाठायला इथून अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते, आणि आमची वणा नदी उन्हाळ्यात म्हशीचं पोट भिजेल एवढीच उरते.

पण आहे. सोळा फुटांची, एक डोलकाठी, दोन शिडं. नागपूरकडच्या एका क्लबानं जुन्या नावा काढून टाकल्या, त्यातली एक मी रिटायर झाल्या वर्षी छोट्या ट्रकात घालून आणली. ती आमच्या अंगणात उतरली तेव्हा बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "बाप्पा! आता हिच्यात पापड वाळवायचे काय?" पुढचे चार महिने तिनं खरंच वाळवले.

मी सरकारी कचेरीत जुन्या कागदांच्या खोलीत कारकून होतो. फायली लाल कापडात गुंडाळायच्या आणि वरून दोरी आवळून गाठ मारायची, त्या गठ्ठ्याला आम्ही बस्ता म्हणतो. माझी गाठ सगळ्या कचेरीत नावाजलेली होती. मी बांधलेला बस्ता साहेब बदलले, सरकारं बदलली तरी सुटला नाही. दुसरी माझी ख्याती अशी की माझ्या हातून कधी चूक झाली नाही. म्हणजे झाल्या भरपूर, पण कागदावर 'नजरचुकीने राहून गेले' एवढंच यायचं. नजर चुकायची, मी नाही. घरीही तोच नियम. दूध उतू गेलं तर गॅस जास्त होता. गाडी चुकली तर गाडी वेळेवर आली होती. बायकोनं तीस वर्षं हे ऐकलं आणि शेवटी कारण विचारणंच सोडून दिलं.

तर यॉट. चालवायला मी मोबाइलवर शिकलो. परदेशातली माणसं अशाच छोट्या यॉट घेऊन सामुद्रधुनीतून जातात, खाली भरतीचं पाणी एकीकडे ओढतंय, वर वारा दुसरीकडे ढकलतोय, आणि हे गडी एका हातात सुकाणू, एका हातात शिडाचा दोर धरून हसताहेत. मी ते सगळं जेवताना पाहायचो. वहीत टिपणंसुद्धा काढली. मग आर्वीच्या अंगाला डोंगरात जे धरण आहे, तिथं नाव नेऊन ठेवली, परवानगीचे कागद केले (कागद मला जमतात) आणि वाऱ्याचं नाव नसलेल्या सकाळी तिथल्या तिथं दहा-बारा चकरा मारल्या. तेवढ्यात मी स्वतःला कप्तान समजू लागलो.

आता सासूबाईंकडे येतो, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

सासूबाईंचं माहेर त्या धरणाच्या पाण्याखाली आहे. घरं, विहिरी, शाळा सगळं गेलं. फक्त मातामायचा, म्हणजे गावदेवीचा, ओटा गावाबाहेरच्या टेकाडावर होता, म्हणून तो दर उन्हाळ्याच्या शेवटी दोन-तीन आठवडे पाण्याबाहेर येतो. शेंदूर धुऊन गेलेला असतो, कडुनिंबाचा वाळका खुंट शेजारी उभा असतो. पाऊस लागला की पुन्हा बुडतो. या मातामायला सासूबाई आमच्या लग्नाच्या वेळी एक नवस बोलल्या होत्या. काय, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण फेडल्याशिवाय नवस सांगायचा नसतो. एवढंच माहीत होतं की ओटी भरायची, कोहळं कापायचं, आणि लेक-जवायानं जोडीनं हजर राहायचं.

या जोडीच्या अटीपायी नवस माझ्यामुळे तीस वर्षं अडला, असं मी समजत होतो. कधी ऑडिट आलं, कधी निवडणुकीची ड्युटी, कधी उन्हाचा तडाखा. सासूबाई दर ज्येष्ठात बायकोला एकदा विचारायच्या, "त्यायले सवड आहे काय?" मला सवड नसायची. त्या "बरं" म्हणायच्या आणि विषय मिटायचा.

त्यायले, म्हणजे मला. आमच्याकडच्या जुन्या बायका जवायाशी थेट बोलत नाहीत. डोक्यावर पदर घेतात आणि मधल्या माणसाला सांगतात. मी समोर दोन हातांच्या अंतरावर बसलेलो असलो तरी सासूबाई लेकीला म्हणायच्या, "त्यायले म्हन, भाजी घ्या." मी म्हणायचो, "त्यांना म्हण, पुरे." जवायाला चूक दाखवणं तर दूरच. जवाई भाजीत मीठ म्हणून साखर टाकायला निघाला तरी सासूनं म्हणायचं, "असीबी छान लागते."

गेल्या वर्षी ठरलं की सासूबाईंना त्यांचा मुलगा कायमचा पुण्याला घेऊन जाणार. गुडघे गेले होते, वय अठ्ठ्याहत्तर. येत्या रविवारी गाडी येणार होती. पुन्हा इकडे येणं होईल असं कोणी तोंडानं म्हणत नव्हतं, पण होणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. ओटा वर आला होता, आणि ढग बघता आठ-दहा दिवसांत बुडणार होता. म्हणजे नवस आता फिटला तर फिटला.

काठावर मच्छीमार सोसायटीच्या डोंग्या होत्या. पन्नास वर्षं ते पाणी ओळखणारी माणसं होती. कोणीही शहाण्यानं त्यांच्या डोंगीत सासूला बसवलं असतं. मी म्हणालो, "डोंगी कशाला? घरची यॉट आहे."

बायको म्हणाली, "अहो, आईले पोहता येते, मले येत नाई, अन् तुम्हाले काय येते ते देवाले माहीत." मी तिच्यापुढे तीन नारिंगी लाइफ-जॅकेटं टाकली. तिनं त्यातलं एक उचललं.

काठावर पोचलो तेव्हा सोसायटीतले एक म्हातारे भाऊ जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी आमचा सरंजाम पाहिला आणि म्हणाले, "बाबूजी, खिंड दहाच्या आत पार करजा. मंग तिथं वारा समोरून येते. अन् आज पाटाले पानी सोडलं आहे, तं मांगून ओढ राहीन. दोघायच्या मधात नाव नाचते."

खिंड म्हणजे दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा. धरणाचे दोन भाग तिथं जोडलेले आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वरच्या भागातलं सगळं पाणी तिथून घुसून खालच्या भागात जातं. टेकाड खिंडीच्या तोंडाशीच, पलीकडे. मी भाऊंना सामुद्रधुनीची सगळी विद्या समजावून सांगितली. भरतीची ओढ आणि वारा एकमेकांसमोर आले की लाटा कशा उभ्या राहतात, शीड किती घ्यावं, सुकाणू कसं धरावं. त्यांनी जाळ्यातून मान वर न काढता शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "तेच म्हनून राह्यलो मी."

दहाच्या आत खिंड पार करायची, तर आधी यॉटची पूजा झाली. लिंबू-मिरची डोलकाठीला. मग फोटो. मग एक फोटो माझा एकट्याचा, सुकाणू धरून, लांब पाहताना. तो चांगला आला नाही म्हणून पुन्हा. निघालो तेव्हा पावणेबारा झाले होते. त्याला जबाबदार फोटो काढणारी बायको, असं मी तिथंच जाहीर केलं.

सामान चढवताना सासूबाईंच्या पिशवीतून विळा निघाला. कोहळं कापायला. मी म्हणालो, "त्यांना म्हण, विळा काठावर ठेवा. यॉटवर धारेची वस्तू चालत नाही, शीड फाटतं." सासूबाईंनी मान डोलावली आणि विळा फडक्यात गुंडाळून, माझ्याकडे पाठ करून, परत पिशवीत घातला. हे मला बायकोनं नंतर सांगितलं.

पहिला अर्धा तास फार सुखाचा गेला, आणि तिथंच घात झाला. वारा बेताचा होता. नाव एका कुशीवर जराशी कलून पाणी कापत होती. बायको मध्ये, सासूबाई पुढे, पदर डोक्यावर आणि त्याच्यावर नारिंगी जॅकेट. त्या पाण्याकडे बोट दाखवून लेकीला सांगत होत्या, "इथं आमची विहीर होती. इथून शाळेची वाट." मला वाटलं, बुवा, आपण हे किती मोठं काम करून राह्यलो! शिडाचा दोर हाताला काचत होता, तळवा लाल झाला होता. शिवाय मला हात मोकळा हवा होता, कारण दोघींना मी वाऱ्याचं शास्त्र समजावून देत होतो आणि हातवारे केल्याशिवाय मला शास्त्र सांगता येत नाही. मोबाइलवरचे ते गडी ओरडून ओरडून सांगतात की जोरदार वाऱ्यात शिडाचा दोर कधी पक्का बांधायचा नाही, झोत आला की क्षणात सोडता आला पाहिजे. माझ्या वहीत ते लाल शाईनं लिहिलेलं होतं. मी दोर कडीतून ओढला आणि बांधला. बस्त्याची गाठ. वरून आणखी एक वेढा, सवयीनं.

सासूबाईंनी वळून गाठीकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाल्या, "बाई, माह्ये बाबा म्हनत, बैल उधळ्या असला तं कासरा खुंट्याले बांधू नाई. हातात धरावं."

बायको माझ्याकडे वळली. "ऐकलं काय?"

"त्यांना म्हण," मी म्हणालो, "ही बैलगाडी नाही."

"त्यायचं बराबर आहे," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "मी आपलं बोलली." आणि त्या पुन्हा पाण्याकडे पाहू लागल्या.

खिंडीच्या तोंडाशी पाण्याचा रंग बदलला. मागून कोणी पाठीला हात लावून ढकलावं तशी नाव वेग घेऊ लागली, आणि समोरून वारा आला. लाटा पुढे येईनात की मागे जाईनात, जागच्या जागी उभ्या राहून आपटत होत्या. एका टेकडीकडून दुसरीकडे, मग पुन्हा इकडे, असं तिरपं तिरपं जायचं असतं. पहिलं वळण मी घेतलं. घेतलं म्हणजे झालं. शीड धाडकन दुसऱ्या बाजूला गेलं, बायकोनं डोकं वाकवलं आणि माझ्या टोपीनं आमची रजा घेतली. दुसऱ्या वळणाला डाव्या टेकडीवरून झोत आला.

नाव कलली. कलतच गेली. खालच्या काठावरून पाणी आत यायला लागलं, थेंबानं नाही, पाटासारखं. कोहळं उडी मारून बाहेर गेलं. बायको वरच्या काठाला लोंबकळली. मी सुकाणू सोडून दोरावर झेपावलो. सोडायचा होता फक्त. एक दोर. नखं लावली, दात लावले. भिजलेला दोर, ताणलेलं शीड आणि माझी तीस वर्षांची कारागिरी. गाठ हलेना. मला तोंडानं रामसुद्धा म्हणवेना. डोक्यात एवढंच होतं की बायकोला पोहता येत नाही आणि मी तिला इथं आणलं.

"अबे बह्याडा, हो बाजूले!"

मला बह्याड, म्हणजे येडा, कोण म्हणालं ते आधी कळलंच नाही. सासूबाई त्या तिरप्या नावेत गुडघ्यांवर, चार पायांवर सरकत माझ्यापर्यंत आल्या होत्या. पदर खांद्यावरून खाली, केस सुटलेले, हातात विळा. "हात काढ म्हनलं ना! बोटं तुटतीन!" मी हात काढला. त्यांनी एकच घाव घातला.

दोर तटकन गेला. शीड सुटलं आणि वाऱ्यावर फडफडायला लागलं. नाव एक हेलकावा घेऊन सरळ झाली. आम्ही तिघं घोटाभर पाण्यात बसलो. मग पाटाच्या पाण्यानं आम्हाला आडवं-तिडवं, कधी शेपटाकडून, कधी कुशीवर, खिंडीतून पार केलं आणि पलीकडे टेकाडाच्या चिखलात नेऊन टेकवलं. त्यात माझा हात काडीचा नव्हता. कोहळं आमच्या आधी पोचलं होतं, ओट्याखाली पाण्यात डुलत होतं.

मी खाली उतरलो. बायको चिखलात बसून माझ्याकडे पाहत होती. तिला माहीत होतं आता काय येणार. मलाही माहीत होतं, तयारच होतं: झोत अचानक आला, दोर निकृष्ट होता, नजरचुकीनं गाठ जरा घट्ट बसली. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात सासूबाईंनी ओला पदर पुन्हा डोक्यावर ओढला, माझ्याकडे पाठ केली आणि लेकीला हळूच म्हणाल्या, "त्यायले विचार, बोटाले लागलं नाई ना? अन् माह्या तोंडून वाकडंतिकडं गेलं, त्यायले म्हन, राग नका मानू."

मी त्यांना जवळजवळ बुडवलं होतं, आणि त्या माझी माफी मागत होत्या! मला एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मी बायकोला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"आई," मी म्हणालो, "माझी चूक झाली. तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. गाठ मीच मारली. उशीरही माझ्यामुळेच झाला."

बायकोनं चिखलाचे हात जॅकेटला पुसले आणि पुसतच राहिली. सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "बाई, ओटीचं काढ."

तांदूळ भिजले होते, खण पिळून घ्यावा लागला. त्यांनी ओट्यावरचा गाळ पदरानं पुसला, शेंदूर लावला, आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं केलं आणि ओटी भरली. किती वेळ हात जोडून होत्या कोण जाणे. बायकोनं विचारलं, "आई, आता तं सांग. काय बोलली होती?"

सासूबाई आधी तिच्याकडे वळल्या, मग काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडेच पाहून बोलू लागल्या. "हिचे बाबा सोन्यासारखे होते. पर जन्मात कधी म्हनले नाई, का माह्यं चुकलं. म्हनून हिच्या लग्नात मी काठावरून मायले हात जोडले. म्हनलं, माह्या पोरीले आपली चूक कबूल करनारा नवरा भेटू दे. दोघायले घेऊन येईन, तुही ओटी भरीन."

मला हिशेब लागायला जरा वेळ लागला. "म्हणजे मला सवड नव्हती म्हणून..."

"सवड तं नोतीच तुमाले," त्या म्हणाल्या. "दर साली विचारलं, का मायच्या दारी तरी तुमच्या तोंडून निंघन. पर नवस पुरा झाल्याबिगर फेडता येते काय?"

बायको हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती तशीच हसत राहिली. सासूबाईंनी कोहळं मांडीशी घेतलं, विळा उचलला. बायकोनं त्यांचा हात धरला.

"आई, अर्धंच काप. एकदाच तं म्हनले. अर्धं पुढच्या वर्षी पाहू."

सासूबाई थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, खिंडीकडे पाहिलं, आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"नाई बाई," त्या म्हणाल्या. "माह्यानं आता पुन्हा येनं होत नाई. मी पुरं फेडून टाकते. पुढचं तू पाहून घेजो."

आणि कोहळं पुरं कापलं. एक फाक मायपुढे ठेवली, दुसरी माझ्या हातात दिली. दोरानं सोललेल्या तळव्याला तिचा रस झोंबत होता, पण मी ती खाली ठेवली नाही.